सासूबाई, साडू आणि चारशे नव्वद घोडे

साडू हे नातं मोठं गमतीचं. दोन परक्या माणसांनी एकाच घरात बघण्याचे पोहे खाल्लेले असतात, आणि तेवढ्या भांडवलावर दोघांनी जन्मभर एकमेकांच्या गाडीचं कौतुक करायचं असतं. माझी वॅगनआर आहे, त्यामुळे आमच्याकडे कौतुकाची वाहतूक एकेरीच.

आमचे साडू राहतात नेरुळला, धंदा ट्रेलरचा, न्हावाशेवा ते वापी-सिल्वासा कंटेनर जातात-येतात. माणूस दिलदार, फक्त यंदा डोक्यात शिरलं की आपल्याला ग्रँड टुरिंग स्पोर्ट्स कार पाहिजे. साधी स्पोर्ट्स कार नाही हां, ग्रँड टुरिंग. म्हणजे इंजिन पुढे, बॉनेट लांबलचक, सीट सोफ्यासारख्या गुबगुबीत नाहीत पण दिवसभर बसलं तरी कंबर धरणार नाही अशा, सामानाला जागा, आणि युरोपात एका देशात नाश्ता करून निघायचं, डोंगर ओलांडून दुसऱ्या देशात जेवायला पोचायचं, त्यासाठी बनवलेली. त्यांनी निवडलेली मासेराती ग्रानटुरिस्मो. बायकोला अजून सांगितलं नव्हतं. "तिला कळलं की मधेच लोणावळ्याचा बंगला काढेल," असं त्यांचं म्हणणं, म्हणून टेस्ट ड्राईव्हला गाडी नेरुळला न बोलावता ठाण्याला आमच्या सोसायटीत बोलावली. वाघबीळला. ज्या घोडबंदर रोडवर आम्ही दूध आणायला निघतो तेव्हा घरच्यांचा नीट निरोप घेतो, त्या रोडवर.

गाडी फ्लॅटबेडवरून आली, स्वतःच्या चाकांवर नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. वॉचमनने फ्लॅटबेडची एंट्री केली आणि वरच्या गाडीची वेगळी एंट्री करायची का यावर बराच वेळ विचार केला, शेवटी 'कामासाठी' या कॉलममध्ये 'पार्सल' लिहिलं. सोबत शोरूमचा एक्झिक्युटिव्ह, पोरगा डोंबिवलीचा पण सूट घातला की इंग्लिशच बोलायचं अशी ट्रेनिंग असावी. त्याने पहिल्यांदा लायसन्स मागितलं, साडूंनी दिलं, त्याने बघितलं, परत बघितलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, सर इट इज एक्स्पायर्ड. खरंच होतं. लॉकडाऊनमध्येच संपलेलं. बारा ट्रेलर रस्त्यावर पळवणाऱ्या माणसाला स्वतः गाडी चालवायची वेळच आलेली नाही, ड्रायव्हर असतो ना. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझं लायसन्स व्यवस्थित आहे हो. २०३४ पर्यंत. पण त्यावर वॅगनआर चालवतात.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. त्या सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहेत. हातात नारळ, हळदीकुंकवाची कुयरी आणि खाली ठेवायला लिंबू. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, समोर येऊन थांबल्या आणि जाळीवर एवढा मोठा चकचकीत त्रिशूळ बघून दोन्ही हात जोडले. "महादेवाची गाडी आहे," म्हणाल्या, "आधी कोपिनेश्वराला न्या." एक्झिक्युटिव्हने पाठ केलेली माहिती सांगितली की मॅम, धिस इज नेपच्यून्स ट्रायडंट. मी मराठी केलं: आई, कंपनी १९१४ साली बोलोन्या नावाच्या गावात मासेराती भावांनी काढली, त्यांच्यात मारिओ नावाचा एक भाऊ चित्रकार, बाकीचे इंजिनात हात काळे करणारे, त्या चित्रकाराने गावच्या चौकातल्या कारंजावर समुद्रदेवाचा पुतळा आहे त्याच्या हातातलं हे आयुध उचललं आणि १९२६ पासून गाड्यांवर लावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "समुद्रदेव काय नि महादेव काय, त्रिशूळ विनाकारण कुणी हातात धरत नाही." आणि बोट कुंकवात बुडवलं. एक्झिक्युटिव्ह गाडी आणि बोट यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. डेमो कार आहे मॅम, पेंट आहे मॅम. तडजोड अशी झाली की कुंकू नंबर प्लेटला, लिंबू चाकाखाली आणि नारळ फोडायचा नाही, सोबत घ्यायचा.

सोबत म्हणजे सासूबाईसुद्धा सोबत. 

नियमाने एक्झिक्युटिव्ह पुढे माझ्या शेजारी, त्यामुळे विकत घेणारा गृहस्थ मागे, सासूबाईंच्या शेजारी. आता या गाडीची मागची सीट या जातीतल्या इतर गाड्यांच्या मानाने खरंच माणसांसाठी आहे, पण दारं दोनच. पुढची सीट बटणाने सरकते, इतकी सावकाश आणि इतक्या अदबीने की सासूबाईंना वाटलं बंद पडली. मग त्या वाकल्या, डोकं आत, मग पिशवी, मग नारळ, मग स्वतः. आत बसल्यावर पहिला प्रश्न, "किंमत काय म्हणालात?" एक्झिक्युटिव्ह म्हणाला, दोन कोटी बहात्तर लाखांपासून, एक्स शोरूम. "आणि दारं दोन?"

या प्रश्नाला अजून कुणाकडे उत्तर नाही.

मी बसलो, म्हणजे खाली गेलो, गेलो आणि गेलोच. पंगतीत पाटावर बसल्यावर जग जसं वर जातं तसं सगळं वर गेलं. वॉचमनचा मला फक्त पट्टा दिसत होता. स्टार्टचं बटण स्टिअरिंगवरच, गिअरला दांडा नाही, दोन स्क्रीनच्या मधे पी आर एन डी अशी बटणं, लिफ्टमध्ये मजला दाबतात तशी दाबायची. इंजिन सुरू झालं आणि बी विंगमधल्या तीन खिडक्या उघडल्या. तीन लिटरचं व्ही-सिक्स, दोन टर्बो, चारशे नव्वद हॉर्सपॉवर. माझ्या हिशोबाने सात वॅगनआर. इंजिनाचं नाव नेत्तुनो, म्हणजे परत तोच समुद्रदेव. सासूबाई मागून म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

आमच्या गेटजवळ पिवळाकाळा रबरी स्पीडब्रेकर आहे. कमिटीने बसवला तेव्हा मी बाजूने मत दिलं होतं, पोरं सायकली जोरात चालवतात म्हणून. त्या गाडीतून तो मला पहिल्यांदा समोरासमोर दिसला, कारण आम्ही जवळपास एका उंचीवर होतो. एक्झिक्युटिव्हने कुठलंसं बटण दाबलं, गाडीने नाक वर केलं, मग तो खाली उतरला, रस्त्यावर चक्क आडवा झाला, सूट-बिट घालून, गाल डांबराला लावून, आणि हाताने हळू हळू हळू असं करायला लागला. मी ब्रेकवरचा पाय केसभर उचलायचो, गाडी बोटभर पुढे यायची. सेक्रेटरी पण आडवे झाले दुसऱ्या बाजूने, त्यांना अशा कामात रस आहे. "अजून एक बोट जागा आहे!" असं ते ओरडत होते आणि तेवढ्यात मागून झेप्टोवाला पोरगा हॉर्न मारत होता, त्याची डिलिव्हरीची वेळ भरत आलेली. पार झाली. शून्य ते शंभर किलोमीटर ३.९ सेकंदात, असं ब्रोशरमध्ये आहे. गेट पार करायला किती लागतात ते छापत नाहीत.

घोडबंदर रोडबद्दल ठाणेकरांना मी काय सांगणार. मेट्रोचे खांब आहेत, सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये घेतायत, पेव्हर ब्लॉक कुठे वर कुठे गायब, आणि गुजरातहून बंदराकडे जाणारे कंटेनर. गाडीत मोड असतात, कम्फर्ट, जीटी, स्पोर्ट, मी विचारलं खड्ड्याचा कुठला, तो हसला नाही. वाघबीळ ते पातलीपाडा आम्ही फर्स्ट गिअरमध्ये गेलो, तिकडे इटलीत मोडेनामध्ये बसून ज्या इंजिनिअरने हा आठ स्पीडचा गिअरबॉक्स लावला असेल त्याला उरलेल्या सात गिअरचं वाईट वाटलं असतं. खालून जग वेगळं दिसतं हे मात्र कळलं. टीएमटीच्या बसचा सायलेन्सर बरोबर माझ्या तोंडासमोर. खिडकीतून अख्खी बस आमच्या पुढच्या काचेतून आत बघत होती, एक काकू तर स्क्रीनवरचा मॅप वाचून शेजारणीला सांगत होत्या की ऐरोलीला चाललेत हे. रिक्षावाला बाजूला आला, मला वाटलं आता एव्हरेज विचारणार, त्याने खाली वाकून फक्त एवढंच सांगितलं, "दादा, मागे आजींचा पदर दारात अडकलाय."

अडकला होता. तिथेच दार उघडून सोडवला, आतून दाराला हँडल नाही, बटण आहे, ते मला सापडेपर्यंत सिग्नल दोनदा सुटला.

मानपाड्याला पूर्ण थांबलो. पुढे चाळीस फुटी ट्रेलर आडवा, ना इकडे ना तिकडे. साडू मागून तापले, गुडघे छातीशी, तरी आवाज मोठा. "ह्यांना ह्या वेळेला सोडतं कोण? मालकाला आणून इथे उभा केला पाहिजे, कळेल मग!" मी म्हटलं साडूभाऊ, जरा मागचं वाचा. ट्रेलरच्या मागे भगव्या अक्षरात लिहिलेलं 'पिंकीची कृपा'. पिंकी म्हणजे त्यांची मुलगी, सध्या पुण्याला एमबीए करतेय. साडू थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग फोन काढला आणि दबक्या आवाजात, "अरे साइडला घे... हो मीच... मागे बघू नको. मागे बघू नको म्हटलं ना!" ड्रायव्हरने अर्थातच मागे बघितलं, आणि मालकाला इटालियन गाडीच्या मागच्या सीटवर सासूच्या पिशवीखाली बघून खिडकीतून हात काढून नमस्कार केला.

माजिवड्यानंतर रस्ता जरा मोकळा. आनंदनगरचा नाका, मग ऐरोलीचा, ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल माफ, आणि पावणेतीन कोटींच्या गाडीत बसलेले साडू दोन्ही नाक्यांवर "वाचले, वाचले" म्हणाले. श्रीमंत होतात ती माणसं अशीच होतात, माझं हे जुनं मत आहे.

वाशीहून पाम बीच रोडला लागलो आणि एका सिग्नलला आम्ही सगळ्यात पुढे. समोर चक्क रिकामा रस्ता. एक्झिक्युटिव्ह म्हणाला, सर, स्पोर्ट. त्याला बिचाऱ्याला सकाळपासून हेच एक वाक्य म्हणायचं होतं. हिरवा झाला, मी पाय दिला.

काटा कुठे गेला ते सांगत नाही, पाम बीचवर कॅमेरे आहेत. पण खरं सांगतो, त्या दीड-दोन सेकंदांत सगळं माफ केलं मी. आवाज पोटातून येतो, पाठ सीटला चिकटते, आणि गाडी ओढतेय असं वाटतच नाही, रस्ताच कुणीतरी मागे ओढून घेतंय असं वाटतं. हसू आलं मला, आपोआप, मोठ्याने. मागून सासूबाई "विठ्ठला" म्हणाल्या, आधी महादेव होता हे त्या विसरल्या, आणि त्यांच्या मांडीवरचा नारळ सुटला. तो आधी मागे डिकीच्या बाजूला आपटला, मग मी ब्रेक लावल्यावर पुढे आला आणि माझ्या सीटखाली गेला. एक्झिक्युटिव्हचं इंग्लिश तिथे संपलं. "काका! काका थांबा! सीटची मोटर आहे तिथे! आजी, पाय वर घ्या!" नारळ वळणाला डावीकडे, वळण संपलं की उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी टक् असा आवाज, आणि प्रत्येक टक् ला पोरगा डोळे मिटायचा.

नेरुळ आलं तसे साडू खाली सरकायला लागले. पण अशा गाडीत लपायचं कसं? फ्लेमिंगोंचे फोटो काढायला आलेली मंडळी कॅमेरे फिरवून आमचेच फोटो काढत होती. मागच्या काचेतून साडूंचं टक्कल स्वच्छ दिसत होतं.

सिस्टिम दाखवायला एक्झिक्युटिव्हने मघाशीच माझा फोन गाडीला जोडलेला, स्पीकर सोनुस फाबरचे, इटलीचेच, आवाज काय सुंदर. त्या स्पीकरवर फोन वाजला. थोरली मेहुणी, म्हणजे साडूंची बायको. तो पोरगा मदत म्हणून पटकन उचलून बसला.

"भाऊजी," चारही बाजूंनी आवाज आला, "आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आलाय. हे तुमच्या शेजारी आहेत का?"

मी काही बोलायच्या आत मागून सासूबाई, "अगं नाही, माझ्या शेजारी आहेत."

"आई? तू पण?"

"त्रिशूळ आहे गं गाडीला. घेऊ दे."

"कितीला?"

कुणीच बोलेना, तेव्हा एक्झिक्युटिव्हने घसा साफ केला. त्याचं कर्तव्यच ते. "मॅडम, दोन कोटी बहात्तर लाखांपासून, एक्स शोरूम. ऑप्शन्स वेगळे."

पलीकडे बरंच काही मोजलं गेलं असावं. मग मेहुणी म्हणाली, "आत्ताच्या आत्ता इथे खाली आणा. मी कपडे बदलून येते, मला पुढे बसायचंय."

साडू सरळ बसले. मी डावा इंडिकेटर दिला. नारळ उजवीकडे गेला, टक्. पोराने टाय सैल केला आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "काका, त्यांच्या गेटवरचा स्पीडब्रेकर रबरी आहे की सिमेंटचा?"