खुलासा: ५जी फोन घेतल्याने गावात रेंज वाढत नाही

‘५जी फोन घ्या, गावात आपोआप फुल रेंज येईल’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. रेंज टॉवरवरून येते. जवळच्या टॉवरवर ५जी नसेल, तर ५जी फोनही ४जीवरच चालतो.

फोन घेताना बँड, म्हणजे तो कोणत्या फ्रिक्वेन्सींवर चालतो ते, पाहा. कमी फ्रिक्वेन्सी दूरवर आणि भिंतीआड जास्त पोहोचते, म्हणून डोंगराळ भागात हे बँड मोलाचे. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, तर ५जी एन२८ आणि एन७८ वर. बीएसएनएलच्या ४जीसाठी बँड २८ आणि १ लागतात. बँड २८ नसेल तर ७०० मेगाहर्ट्‌झचा सिग्नल फोनला दिसतच नाही. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये हे आवर्जून तपासा. जिओला २जी नाही, त्यामुळे व्होएलटीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) चालू नसेल तर साधा कॉलही लागणार नाही.

स्क्रीनवरच्या सिग्नलच्या कांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या वेगळ्या दाखवते. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिम स्टेटस उघडा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. ४जीवर उणे ९० डीबीएम चांगला, उणे ११५ च्या पलीकडे कॉल तुटू लागतो. आधी शेजाऱ्याच्या सिमवर, घराच्या आतल्या खोलीत हा आकडा बघा, मग पैसे खर्च करा.

फुल रेंजचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.