आधी मीटर लावा, मग बॅटरी बदला!

जुनी पिकअप सकाळी स्टार्ट होत नाही म्हटलं की मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं: "बॅटरी गेली, दादा." अहो, तपासलीत का? नुसतं बॉनेट उघडून कळतं? नवी बॅटरी टाकली, तरी तेच. मग "सेल्फ उतरवावा लागेल." मग डिझेल फिल्टर. मग पुण्याच्या नाना पेठेतून रिले आणा. पैसे माझे, अंदाज तुमचे!

मल्टिमीटर लावायला कितीसा वेळ लागतो? बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी चार्ज आहे. सेल्फ मारताना 10 च्या बरंच खाली गेलं, तर घ्या तिच्यावर संशय. नुसतं टक् वाजतंय? टर्मिनलवरचा तो हिरवा-पांढरा थर आधी खरवडा, चासीला जाणारी अर्थिंगची वायर हलवून बघा. माझ्या गाडीत तिचा बोल्ट चक्क बोटांनी फिरत होता! आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीचा काय संबंध? डिझेल लाइनने हवा धरली असेल, थंड इंजिन पेटायला आतून गरम करणारे हीटर प्लग गेले असतील.

पहाटे मार्केट यार्डातून माल उचलायचा असतो. गाडी दारातच अडली की भाजी दुसऱ्याच्या टेम्पोत, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात. आणि तुम्ही म्हणणार, "आता वायरिंग बघू." आता? आधी का नाही बघितलं?