साहित्य म्हणून वाचलं की श्रद्धा कमी होते?
"धर्मग्रंथ साहित्य म्हणून वाचणं ही आजची फॅशन आहे आणि त्याने श्रद्धा पातळ होते" हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. इंग्लंडमधले अभ्यासक रॉबर्ट लोथ यांची बायबलमधल्या हिब्रू काव्यावरची व्याख्यानं १७५३ मध्येच छापून आली आणि हा माणूस नंतर बिशप झाला, म्हणजे फॅशनही नाही आणि अश्रद्धाही नाही.

माझाच अनुभव सांगते. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा २२ वा अध्याय, देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला नेतो तो, लहानपणापासून कितीदा ऐकलाय, दरवेळी "आज्ञापालन" एवढंच डोक्यात राहायचं. मग एकदा कथा म्हणून सावकाश वाचला तेव्हा कळलं की "ते दोघे बरोबर चालत गेले" हे दोनदा येतं आणि त्या दोन वाक्यांच्या मधे मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठंय? बाप काय उत्तर देतो ते आहे, पण त्याच्या मनात काय चाललंय त्याबद्दल एक शब्द नाही. आणि शेवटी अब्राहाम चाकरांकडे परत येतो तिथे इसहाकाचं नावच नाही!! माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री कितीतरी वेळ मी प्रार्थना करत बसले होते.