हेलिओस दिशा सांगणार कशी?

'आदित्य-एल१ वरचं हेलिओस हे उपकरण सौरज्वाळेतले इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने सुटले तेही सांगेल,' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. हेलिओस क्ष-किरणांची ऊर्जा मोजतं आणि ते कधी आले ते टिपतं. इलेक्ट्रॉनची दिशा कळायला या किरणांचं पोलरायझेशन, म्हणजे त्यांची कंपनं कोणत्या एका दिशेत जास्त आहेत ते, मोजावं लागतं. ते मोजायची सोय त्यात नाही. ती सोय आहे १ जानेवारी २०२४ ला सोडलेल्या एक्स्पोसॅट या इस्रोच्या उपग्रहावरच्या पोलिक्स उपकरणात, पण ते कृष्णविवरं, न्यूट्रॉन तारे असल्या लांबच्या स्रोतांसाठी बनवलंय. लेखकाने बहुधा दोन्ही मोहिमा एकत्र केल्या.

खरी गंमत लेखात आलीच नाही. वेगाने खाली झेपावणारे इलेक्ट्रॉन सूर्याच्या दाट थरावर आदळतात, तिथे त्यांना ब्रेक लागतो आणि क्ष-किरण निघतात. सगळे एकाच दिशेने आले असतील तर हे किरण पोलराइज्ड असतात. वाट्टेल तसे भरकटलेले असतील तर ते पोलरायझेशन जवळजवळ पुसलं जातं. कोल्हापुरात मी फिजिक्स शिकवतो. मुलांना रंकाळ्यावर नेऊन पोलरॉइड (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारा फिल्टर) हातात देतो. तो फिरवला की एका ठरावीक कोनात पाण्यावरची चकाकी एकदम मरते आणि काठाजवळचं शेवाळ दिसायला लागतं. क्ष-किरणांना असा पोलरॉइड चालत नाही. ते एखाद्या पदार्थावर विखुरायचे आणि कोणत्या बाजूला जास्त गेले ते मोजायचं. त्यासाठी भरपूर फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, लागतात, आणि ज्वाळेचा जोर तर काही मिनिटांत ओसरतो. म्हणून २००२ ला गेलेल्या नासाच्या रेसी (RHESSI) या सौरज्वाळा पाहणाऱ्या उपग्रहाच्या मोजमापांतही त्रुटीची मर्यादा मोठीच राहिली. पुढच्या लेखात यावर सविस्तर लिहा, आमची मुलं नक्की वाचतील.