इंजिन एक्स किती हॉर्सपॉवरचं?

आमच्याकडे वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात इंजिन म्हटलं की माणूस आधी विहिरीकडे पाहतो. "सर्व्हरवर इंजिन एक्स बसवून रायलो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "किती हॉर्सपॉवरचं हाय बाप्पा?" इंजिन एक्स म्हणजे वेबसाइटची पानं मागणाऱ्याला पोचवणारं सॉफ्टवेअर. रशियाच्या इगोर सिसोएवनं २००४ मध्ये लोकांसमोर ठेवलेल्या या इंजिनाला डिझेल लागत नाही, हँडल मारावं लागत नाही. अर्धविराम मात्र लागतो, सेटिंगच्या फाइलीतल्या प्रत्येक साध्या सूचनेच्या शेवटी. साइटच्या फाइली कुठं ठेवल्या ते सांगणाऱ्या 'रूट'च्या ओळीचा राहिला, तर तक्रार येते 'रूट'च्याच नावानं, पण ओळ क्रमांक असतो खालच्या ओळीचा. ढोर एकाचं, कोंडवाड्याची पावती शेजाऱ्याच्या दारात. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी पाहावी.

एकाच सर्व्हरवर संत्रा बागायतदारांची साइट, ग्रामपंचायतीची साइट आणि बाजारभावाचं ॲप असं तिघांचं बिऱ्हाड मांडायचं असतं. प्रत्येकाची फाइल 'साइट्स-अव्हेलेबल'मध्ये लिहायची आणि 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये तिची सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी पाटी, ठेवायची, ही उबुंटू लिनक्सची रीत. इथं घाईचा माणूस पहिल्याच फोल्डरात उभा राहून नुसतं 'संत्रा' एवढं नाव देऊन लिंक करतो. लिंक बनतेही. फक्त ती दाखवते स्वतःकडेच. "कोनाच्या घरी जायचं?" "संत्र्याच्या." "संत्रा कुठं रायते?" "संत्र्याच्या घरी." इंजिन काही फेरे मारतं आणि 'सिमलिंकच्या पायऱ्या फार झाल्या' म्हणून हात टेकतं. स्लॅशपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या, भानगड मिटते.

साइटचं नाव सांगणाऱ्या 'सर्व्हर-नेम'च्या ओळीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं, दोन्ही नावं लिहावीत. आलेलं नाव कुठंच जुळलं नाही, आणि कोणाला 'डीफॉल्ट' ठरवलेलं नसलं, तर पाहुणा वर्णानुक्रमे पहिल्या फाइलीच्या घरी उतरतो. मग घरपट्टी पाहायला आलेल्याला आंबिया बहाराची माहिती मिळते. तीही कामाचीच, पण घरपट्टी राहते.

खरी करमणूक फोटोंची. बागायतदार मोबाइलवरून फळांचे फोटो चढवतो. एकेक फोटो तीन-चार एमबीचा. इंजिन एक्स मूळ सेटिंगमध्ये १ एमबीच्या वर काही आत घेत नाही, ४१३ (माल फार मोठा) म्हणून दारातूनच परत पाठवतं. 'क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ' १० एमबी केलं की सुटका झाली असं वाटतं. नाही. आत साइटचा प्रोग्राम चालवणारी पीएचपी ही भाषा बसलेली असते, तिची फाइलीची मर्यादा २ एमबी आणि एकूण पोस्टची ८. फाटकातून बैलगाडी आत आली, पण गोठ्याचं दार बकरीच्या मापाचं. तीनही आकडे वाढवा, आणि पीएचपी चालवणारी सेवा, पीएचपी-एफपीएम, हीही रीस्टार्ट करा. नाहीतर तिला काही कळवलंच नाही असं होतं.

पीएचपीचा दुसरा छळ ५०२, म्हणजे आतून उत्तरच न येणं. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ केलं की पीएचपी ८.१ ची ८.३ होते, दोघांच्या बोलण्याच्या खिडकीचं, म्हणजे सॉकेटचं, नावही बदलतं, आणि आपली फाइल जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसते. 'रन' फोल्डरातल्या 'पीएचपी'मध्ये डोकावून जे नाव दिसेल तेच लिहावं. गूगल करण्याआधी एरर-लॉग वाचा, एवढं माझं म्हणणं. इंजिन कोणत्या नावाला हाका मारून रायलं, ते त्यात स्पष्ट असतं.

आलेली मागणी बाजारभावाच्या ॲपकडे ढकलणारी 'प्रॉक्सी-पास'ची ओळ लिहिताना पोर्ट क्रमांकापुढं स्लॅश दिला, तर पत्त्यातला 'भाव' हा लोकेशनचा तुकडा कापून उरलेला पत्ता आत जातो. नाही दिला तर अख्खा जातो. ॲप कशाची वाट पाहतं ते आधी विचारून घ्या. एका तिरक्या रेघेवर अख्खी रात्र जाते.

आणि रात्रच म्हटली तर, ओलितासाठी रात्रीची लाइन असते तशी इथंही तपासणी आधी, बटण नंतर. 'इंजिनएक्स -टी' म्हणा, मग रीलोड. फाइलीत चूक असली तर रीलोड जुन्यावरच चालू ठेवतं. रीस्टार्ट मात्र आधी बंद करतं आणि मग चालू व्हायला नकार देतं. साइटच्या कुलपासाठी (एचटीटीपीएस) सर्टबॉट हा प्रोग्राम लेट्स एन्क्रिप्टकडून आणतो ते प्रमाणपत्र ९० दिवसांचं. ८० क्रमांकाचं पोर्ट कोणी सुरक्षेच्या नावाखाली बंद केलं तर नूतनीकरण गुपचूप अडतं.

सगळं चाललं की फोन येतो, "माह्या मोबाइलात तं जुनंच दिसून रायलं." ती ३०१ ची, म्हणजे कायमच्या पत्ताबदलाची, ब्राउझरनं जपलेली आठवण. प्रायव्हेट खिडकीत उघडायला सांगा, आणि हॉर्सपॉवर विचारला तर पाच सांगून मोकळे व्हा.