समोरच्याचं म्हणणं आधी लिही

न्यू जर्सीत येऊन मला चौदा वर्षं झाली. मुलगी इथल्या पब्लिक स्कूलमध्ये सातवीत आहे आणि साताऱ्यात माझ्या भावाचा मुलगाही सातवीतच. यावर्षी योगायोगाने दोघांना मोबाईल याच विषयावर निबंध आला. त्याचा विषय 'मोबाईल शाप की वरदान', तिचा 'शाळेत फोनवर बंदी असावी का'. त्याने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला, दोन पानं, सुरेख अक्षर, सुरुवात 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे', मग फायदे, मग तोटे आणि शेवटी 'शाप की वरदान हे वापरणाऱ्याच्या हातात आहे'. मी १९९६ साली सातवीत 'विज्ञान शाप की वरदान' लिहिला होता तोही असाच संपला होता, कारण बाईंनी शेवट फळ्यावर लिहून दिला होता आणि आम्ही सगळ्यांनी तो उतरवून घेतला होता. वर्गात पन्नासच्या वर पोरं आणि सगळ्यांचं मत एक, आणि तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

लेकीचा निबंध मात्र तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. आधी एक मोठा तक्ता, त्यात चौकोन: क्लेम म्हणजे आपला दावा, कारणं, एव्हिडन्स म्हणजे पुरावा, काउंटरक्लेम म्हणजे विरुद्ध बाजूचं म्हणणं. पुराव्याची वाक्यं हिरव्या हायलायटरने, स्वतःचं स्पष्टीकरण पिवळ्याने. तिने बंदीच्या बाजूने लिहिलं होतं आणि पुरावा म्हणून दिलं होतं की फ्लोरिडा राज्याने २०२३ मध्ये वर्गाच्या तासात फोन वापरायला बंदी घालणारा कायदा केला. टीचरने समासात लिहिलं होतं की कायदा झाला हे खरं, पण त्यामुळे फोन अभ्यासाला मारक आहे हे कसं सिद्ध होतं? पोरगी चिडली, रडकुंडीला आली. मी भाजी चिरत होते, हातातलं ठेवलं आणि तो समास परत परत वाचला. माझ्या अख्ख्या शाळेत कुणीही मला असा प्रश्न विचारला नव्हता. शुद्धलेखन तपासलं, सुविचार घातला की नाही ते पाहिलं, पण 'या वाक्यावरून ते वाक्य कसं काय निघतं' हे कधी कुणी विचारलं नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ साली युक्तिवादाचे भाग वेगळे करून दाखवले, त्यात दावा आणि पुरावा यांना जोडणारा दुवा हा एक स्वतंत्र भाग आहे. हिरव्या वाक्याखालचं पिवळं वाक्य म्हणजे तोच दुवा. इथे २०१० साली कॉमन कोअर आलं, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलांना काय यायला हवं याचे अनेक राज्यांनी घेतलेले सामाईक निकष, त्यात याचे टप्पेच ठरवलेले आहेत, पाचवीपर्यंत मुलं 'मला असं वाटतं, कारण' एवढं लिहितात, सहावीपासून त्याला आर्ग्युमेंट म्हणजे युक्तिवाद म्हणतात, सातवीत विरुद्ध मताची दखल घ्यावीच लागते आणि आठवीत आपलं मत त्याच्यापासून कुठे वेगळं आहे ते दाखवावं लागतं. न्यू जर्सीने पुढे नाव बदललं, पण हा क्रम राहिला.

इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाहीये. मला खटकणारी गोष्ट म्हणजे वाचायचे लेख बहुतेक वेळा शाळाच देते, बाजूच्या मताचा एक आणि विरुद्ध मताचा एक, त्यातून वाक्यं उचलायची आणि चौकोन भरायचे. माझ्या मुलीला मनातून बंदी नकोच होती. मी विचारलं मग उलटं का लिहिलंस, तर म्हणाली या बाजूला एव्हिडन्स जास्त मिळत होता. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. मत आधी असावं, ते पुराव्यापुढे टिकलं नाही तर बदलावं, पण सोपं पडतं म्हणून बाजू घ्यायची सवय बाराव्या वर्षी लागली तर पुढे काय? फळ्यावरून उतरवलेला शेवट आणि सोयीने निवडलेला क्लेम, दोन्हीत पोराचं स्वतःचं काही उरत नाही.

तरीपण काउंटरक्लेमचा तो एक चौकोन आपल्या शाळांमध्ये हवा असं मला कळकळीने वाटतं, आणि २०२५ च्या जूनमध्ये ते फार जाणवलं. महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून असावी का, हा वाद पेटला होता. आमच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप आहे, पुणे, सातारा, ठाणे, दुबई आणि आम्ही इकडचे, रात्रंदिवस मेसेज. एकमेकांना 'महाराष्ट्रद्रोही' पासून 'संकुचित' पर्यंत सगळं म्हणून झालं, दोघं ग्रुप सोडून गेले. राज्य सरकारच्या १६ एप्रिलच्या जीआरमध्ये मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी अनिवार्य होती. १७ जूनच्या जीआरमध्ये 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर ती मागणारे इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट आली. २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले आणि या प्रश्नावर अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती जाहीर झाली. मी ग्रुपवर विचारलं की जीआर कुणी वाचलाय का. सव्वाशे लोकांत तिघांनी. माझं स्वतःचं मत सक्तीच्या विरुद्ध आहे, सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये असं मला ठाम वाटतं. पण माझ्याच बाजूची माणसं 'सर्वसाधारणपणे' या शब्दात आणि त्या २० च्या अटीत सक्ती कशी शिल्लक राहते हे मांडायचं सोडून शिव्या देत होती, आणि इतका चांगला मुद्दा वाया जात होता.

मी इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. सप्टेंबरमध्ये मोठ्या मुलांना हाच विषय दिला, पहिलीपासून हिंदी असावी का, मराठीत दहा ओळी. नियम एकच ठेवला, ज्याच्याशी पटत नाही त्याचं म्हणणं आधी लिहायचं, आणि असं लिहायचं की तो वाचून म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. एका मुलाने, जो हिंदी नको म्हणणारा होता, लिहिलं: 'माझी आजी इंदूरची आहे. तिला हिंदी येते म्हणून मुंबईत तिला भीती वाटली नाही.' आणि खाली स्वतःचं, की आजी हिंदी घरात शिकली, परीक्षा देऊन नाही शिकली. मराठी मोडकंतोडकं, 'शिकली' मधली वेलांटी चुकलेली. पण ग्रुपवरच्या तीनशे मेसेजमध्ये मला असा मुद्दा दिसला नव्हता.

आणि हे काही आपल्याला नवं नाही. पूर्वपक्ष हा शब्दच आपला आहे, भाष्यं लिहिणारे आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडत आणि मग खंडन करत. टिळक-आगरकर वाद आम्हाला इतिहासात दोन ओळींत होता, आधी राजकीय की आधी सामाजिक, पाठ करा. आगरकर १८८७ साली केसरीतून बाहेर पडले, १८८८ मध्ये सुधारक हे स्वतःचं पत्र काढलं, मुलींचं शरीरसंबंधाला संमतीचं वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता कारण परक्या सरकारने आपल्या रूढींत कायद्याने हात घालू नये असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आगरकर कायद्याच्या बाजूने. आठवीच्या पोरांना सांगा की तुला जो पटतो त्याच्या विरुद्ध माणसाची बाजू आधी लिही. मला वाटतं वर्ग हलून जाईल.

वहिनी साताऱ्याजवळ अनुदानित शाळेत मराठी शिकवते, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे वर्गात पंचवीस पोरं, माझ्याकडे बासष्ट. निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाईन माहिती भरा, आणि पेपरात विचारणार आत्मवृत्त. समासात प्रश्न लिहायला वेळ कुठून आणू?" यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, तिचं म्हणणं खरंच आहे. पोरांकडून नवा निबंध घेतला तर तो तपासायचा कुणी हा प्रश्न राहतोच. मी एवढंच सुचवलं की दोन पानं नकोत, चार वाक्यं, सत्रात एकदा, माझं मत, समोरच्याचं मत, एक पुरावा जो पोराने स्वतः जाऊन विचारून किंवा मोजून आणलाय, आणि त्या पुराव्यावरून माझं मत कसं निघतं. वह्या बाकावरच्या शेजाऱ्याने वाचायच्या आणि फक्त एक प्रश्न लिहायचा, 'हे त्यावरून कसं?' वहिनी म्हणाली बघते एका तुकडीत.

भाच्याला मी मोबाईलचा तोच विषय परत दिला, म्हटलं युग-बिग सोड, तुझ्या घरात फोन कुणाला हवा आणि कुणाला नको ते शोध. काल त्याचा कॉल आला, मागे कुकरची शिट्टी होत होती, पठ्ठ्या वही घेऊन गच्चीत गेला. म्हणाला, "आत्या, आजोबांना फोन हवाय, भजनी मंडळाचा ग्रुप आहे त्यांचा, गुडघ्यामुळे त्यांना देवळात जाता येत नाही. मी तर लिहिलंय घरात सात नंतर फोन बंद. मग आजोबांचं आधी लिहू?"

"लिही की," म्हटलं.

"पण ते वाचल्यावर माझंच चुकीचं वाटायला लागलंय."

मी म्हटलं थांब, घाई करू नकोस, खोडरबर घे आणि वेळ किती असावी ते आजोबांनाच विचारून ये.