खांब हलणार नाहीत, खुर्ची बदलून मिळेल

नमस्कार साहेब. शनिवारच्या प्रयोगानंतर आपण दोन तारे देऊन लिहिलंत की खांब आडवा आला, एसी नाही, छताला पोती लटकतात आणि ‘जुन्या मंडईला रंग मारून नाट्यगृह म्हणतात’.

आधी रंगाचं. रंग नाही, चुना आहे तो. पूर्वी भिंतींवर सिमेंटचा गिलावा होता. ओल आतच कोंडून दगडाचे पोपडे सुटत होते. सगळा खरवडला. चुना सावकाश वाळतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो. वरचे झरोके बंद करून एसी लावायचं टाळलं तेही म्हणूनच. चैत्र-वैशाखात दुपारचे प्रयोग आम्ही घेतच नाही.

पोती शोभेला नाहीत. पत्रा वर, दगड चहूबाजूंनी. टाळी वाजवली की मागून दुसरी ऐकू यायची. नाटकात शब्द कळला पाहिजे. गोणपाट छताला चिकटवलं नाही, हातभर खाली सोडलं, कारण मागे पोकळी असली की ते आवाज जास्त पितं. ऐकू आलं नाही अशी तक्रार आपणही केलेली नाही, हे बघा!

मऊ खुर्च्या, गालिचा का नाही? 2019च्या पुरात सांगलीत कृष्णा नदी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45. आमच्या पेठेत पाणी शिरतं. म्हणून शहाबादी फरशी, घडीच्या खुर्च्या आणि विजेचे बोर्ड पोटमाळ्यावर.

राहिला खांब. छताच्या कैच्या, म्हणजे पत्र्याखालचे त्रिकोणी सांगाडे, त्यावरच पेलल्यात, तो काढता येत नाही. रंगमंच लांब भिंतीच्या मधोमध घेऊन तीन बाजूंनी प्रेक्षक बसवले, तरी काही जागा आड येतातच. त्या तिकिटांवर ‘खांबाआड’ असा शिक्का असतो आणि भाव निम्मा. आपलं तिकीट त्यातलंच होतं.

मोठ्या नाटकांना भावे नाट्यमंदिर आहेच. इथे कॉलेजच्या एकांकिका, भजनी मंडळं, शाळांची संमेलनं होतात, ज्यांना मोठं भाडं झेपत नाही. सकाळी पडवीत भाजीवाल्या मावशी अजून बसतात. कोथिंबिरीचा वास येतो तो त्यांचा, आणि तो घालवायचा विचार नाही.

पुढच्या वेळी तिकीट खिडकीवर ‘मधली बाजू’ म्हणून मागा. प्रयोग सुरू होण्याआधी खुर्ची रिकामी असेल, तर फरक भरून बदलूनही देतो.